चावा येतो, हिसका बसतो, तरी बास सुटतो: सॉफ्ट प्लास्टिकच्या आमिषाला गळ निवडताना होणारी गफलत

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो पकडायला सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे मऊ रबरासारखं आमिष, लावलेलं आहे आणि लाइनीतून (गळाच्या दोरीतून) बोटाला टकटक कळते. लाइन हळूच एका बाजूला सरकायला लागते. आपण ढील गुंडाळून घेतो, सणसणीत हिसका देतो, क्षणभर पलीकडे जिवंत वजन लागतं आणि लगेच हात हलका. आमिष गोळा होऊन परत येतं. असं एखाद्या वेळी झालं तर सोडून द्यावं. पण दहातले सहा-सात चावे असेच जायला लागले तर कुठेतरी जुळणी चुकली आहे, आणि ती शोधून काढता येते.

मी बरीच वर्षं अशा वेळी आधी आमिषाचा रंग बदलायचो. मग जागा, मग रॉड. गळाची पाळी सगळ्यात शेवटी यायची, कारण गळ म्हणजे गळ, त्यात काय बघायचं असं वाटायचं. आता क्रम उलटा केला आहे. सॉफ्ट प्लास्टिकवर मासा सतत सुटत असेल तर मी पहिल्यांदा गळ बघतो, आणि तो डब्यातला कोरा गळ नव्हे, तर नुकताच माशाच्या तोंडातून निसटून पाण्याबाहेर आलेला.

मासा सुटल्यावर आमिष लगेच सरळ करू नका

चावा हुकला की आपला हात आपोआप आमिषाकडे जातो. घसरलेलं प्लास्टिक वर ओढायचं, टोक पुन्हा लपवायचं, की चालली पुढची फेक. या पाच सेकंदांत सगळा पुरावा पुसला जातो.

एका सकाळी माझे लागोपाठ पाच चावे हुकले. आमिष होतं ४ इंची, जाडजूड, पायामिशांचं क्रीचर. गळ ३/० चा, गोल बाकाचा ऑफसेट, म्हणजे दांडीला वळण असलेला (आकड्यांचा अर्थ पुढे सांगतो). सहाव्यांदा मासा सुटला तेव्हा मी आमिष जसं आलं तसंच तळहातावर ठेवलं. शर्टाची बाही कोपरापर्यंत सारावी तसं सगळं प्लास्टिक घसरून गळाच्या बाकात जमा झालं होतं. दोन्ही अंगांना सँडपेपर घासल्यासारखे बारीक ओरखडे होते. बासचे दात तसेच असतात, ब्रशच्या केसांसारखे बारीक आणि दाट. म्हणजे मासा आमिष पुरतं तोंडात घेत होता, दाबतही होता. आणि गळाचं टोक? ते त्या गोळ्यातच रुतलेलं. प्लास्टिकच्या बाहेर आलंच नव्हतं. सकाळपासूनचे सगळे हिसके मी माशाला नव्हे, रबराला दिले होते.

तिथेच बसून तेच आमिष ४/० च्या वाइड गॅप, म्हणजे रुंद बाकाच्या, गळावर चढवलं. रंग तोच, जागा तीच, रॉड तोच. पुढचा चावा आला तो मासा जबड्याच्या कोपऱ्यात पक्का लागला.

तेव्हापासून सुटलेल्या माशानंतर आमिष आधी वाचायचं, मगच हात लावायचा, असं ठरवून टाकलं आहे. बहुतेक वेळा चारपैकी एक चित्र दिसतं. प्लास्टिक बाकात गोळा होऊन टोक आतच अडकलेलं असेल तर गॅप, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यातलं मोकळं अंतर, त्या आमिषाला कमी पडतंय. आमिष जागच्या जागी, सरळ, आणि टोकाने प्लास्टिकची कातडीसुद्धा फोडलेली नाही, असं असेल तर जोर गळापर्यंत पोचलाच नाही: लाइनीत ढील राहिली, रॉड नरम पडला, किंवा टोक फार खोल पुरलं होतं. टोक छान बाहेर आलेलं आहे, आमिष खाली सरकलेलं आहे, तरी मासा नाही, याचा अर्थ टोक बोथट आहे किंवा गळाची तार तुमच्या रॉडच्या मानाने जाड आहे. आणि फक्त शेपटी तुटून आली असेल तर गळाला दोष देऊ नका. ते बऱ्याचदा सनफिशसारख्या छोट्या माशांचं काम असतं, नाहीतर बास मागून नुसता चाखून जातोय. अशा वेळी मोठा गळ लावण्याऐवजी आमिष डोक्याकडून इंचभर कापा, म्हणजे गळ शेपटीच्या जवळ जातो.

पाचवं एक चित्र आहे, पण ते आमिषावर दिसत नाही, गळावर दिसतं: बाक उघडलेला. त्याबद्दल पुढे.

लांबी नव्हे, जाडी बघा

आमिषाच्या पाकिटावर इंच लिहिलेले असतात आणि गळाच्या पाकिटावर आकडा. म्हणून आपण साहजिकच एकाची सांगड दुसऱ्याशी घालतो: ५ इंचाला अमुक, ७ इंचाला तमुक. ढोबळ सुरुवातीला ते चालतं. पण ७ इंची रिबनशेपटीचा वर्म (गांडुळासारखं आमिष) बोरूसारखा बारीक असतो आणि ४ इंची क्रीचर किंवा ट्यूब (पोकळ नळीसारखं आमिष) त्याच्या दुप्पट जाड. लांब वर्मला ३/० पुरतो, आणि आखूड आमिषाला तोच ३/० अपुरा पडतो. माझी चूक नेमकी हीच होती.

जाडीला एवढं महत्त्व का, हे बासच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. तो आमिषाचा चावा घेत नाही. तोंड आणि कल्ले झटक्यात उघडून पाण्यासकट आमिष आत शोषून घेतो आणि जबडा मिटतो. आत गेलेलं मऊ प्लास्टिक बहुतेकदा दुमडलेलं असतं. तुम्ही हिसका देता तेव्हा ते माशाच्या तोंडात दाबलेलं असतं, गळ मात्र पुढे सरकतो, आणि प्लास्टिक दांडीवरून घसरत बाकात येऊन बसतं. आता त्या बाकात प्लास्टिकचा गोळा मावून वर टोकाला जागा उरली तरच टोक माशात शिरणार. जागा उरली नाही तर गोळा हीच गळाची ढाल होते.

हे घरबसल्या तपासता येतं, आणि प्रत्येक नवीन आमिषाला मी तपासतो. नेहमीसारखं आमिष गळावर चढवा. एका हाताने नेढ्यापाशी गळ धरा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने आमिषाचं डोकं धरून ते बाकाकडे सारा, अगदी बऱ्यापैकी जोर लावून, जसं माशाच्या तोंडात होईल तसं. टोक आपोआप बाहेर आलं पाहिजे आणि गोळा झालेल्या प्लास्टिकच्या वर निदान ५-६ मिलिमीटर तरी मोकळं राहिलं पाहिजे. टोक बाहेर येतंय पण प्लास्टिकला चिकटूनच उभं आहे, असं दिसलं तर एक नंबर वर जा. बोट सांभाळा, टोक नीट असेल तर ते तुम्हालाही सहज लागतं.

उलट बाजूनेही फसायला होतं. एकदा मोठ्या गळाने मासे लागायला लागले की माणूस सगळीकडे ५/० लावत सुटतो. बारीक वर्ममध्ये एवढी तार घातली की त्याचं सगळं अंग ताठ होतं, पडताना जी थरथर व्हायला हवी ती जाते, आणि डोकं आधी बुडतं. मग चावेच कमी येतात आणि आपण म्हणतो आज मासे नाहीत. गोळा करून पाहिल्यावर टोकाला पुरेशी जागा देणारा सगळ्यात लहान गळ, तोच त्या आमिषाचा गळ.

आकड्यांचंही सांगून टाकतो, कारण नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होतो: ६ पेक्षा ४ मोठा, ४ पेक्षा २ मोठा, २ पेक्षा १ मोठा. त्याच्या पुढे शून्याची मालिका सुरू होते आणि तिथे उलटं: १/० पेक्षा २/० मोठा, ५/० त्याहून मोठा. आणि हे आकडे सगळ्या उत्पादकांचे एकसारखे नसतात. एकाचा ३/० दुसऱ्याच्या ४/० च्या बरोबरीने बसतो. म्हणून नवीन पाकीट घेताना जुना गळ शेजारी ठेवून डोळ्यांनी गॅप ताडून पाहावा.

तीन आकार, तीन स्वभाव

टेक्सास रिग, म्हणजे टोक आमिषात लपवून पुढे शिशाची किंवा टंगस्टनची गोळी लावायची पद्धत, हीच सॉफ्ट प्लास्टिकची मुख्य वाट. ती आली कशी हे कळलं की आपला त्रासही कळतो. १९४९ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या अॅक्रन गावी निक क्रीम यांनी द्रवरूप प्लास्टिक साच्यात ओतून आजच्या मऊ वर्मचा पूर्वज तयार केला. सुरुवातीला त्यातून गळ उघडेच बाहेर यायचे. टेक्सासच्या जलाशयांमध्ये बुडालेल्या झाडांची गर्दी, तिथे उघडा गळ दर फेकीला फांदीत अडकायचा, म्हणून तिथल्या लोकांनी टोक आमिषातच पुरायला सुरुवात केली. अडकणं थांबलं, आणि त्याच क्षणी टोक आणि मासा यांच्यामध्ये प्लास्टिकची भिंत उभी राहिली. आपण गळाच्या आकारांत जी निवड करतो ती सगळी ही भिंत कशी ओलांडायची याचीच.

गोल बाकाचा ऑफसेट गळ: नेढ्याखाली दांडीला नागमोडी वळण, तिथे आमिषाचं डोकं बसतं, आणि बाक साधा गोल. त्याचं टोक नेढ्याच्या रेषेपेक्षा थोडं बाहेर उघडतं, त्यामुळे ते चटकन धरतं. सडपातळ वर्मना याच्याइतका चांगला गळ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पोटात जागा कमी.

वाइड गॅप, किंवा एक्स्ट्रा वाइड गॅप: बाक खाली पोटासारखा फुगलेला आणि टोक साधारण नेढ्याच्या रेषेत परत आलेलं. जाड स्टिकवर्म (काडीसारखा सरळ वर्म), ट्यूब, क्रीचर, सॉफ्ट जर्कबेट (झटके देत ओढायचं माशासारखं आमिष) यांना हाच. जागा भरपूर देतो, आमिषाच्या पाठीवरच्या खाचेत टोक छान लपतं. पण टोक ओढीच्या रेषेतच असल्यामुळे ते तिरकं उघडत नाही, म्हणून हिसका भरघोस द्यावा लागतो. लोक ‘वाइड गॅप म्हणजे सगळ्याला चालतो’ म्हणून एवढाच एक प्रकार डब्यात ठेवतात. बारीक वर्मवर त्याने नाहक चावे हुकतात.

तिसरा सरळ दांडीचा फ्लिपिंग हुक. गवताच्या दाट थरांमधून जड गोळी लावून आमिष खाली सोडायचं असेल तर हा. याला वळण नसतं, म्हणून डोकं धरून ठेवायला दांडीवर काटे किंवा प्लास्टिकचा कीपर असतो. हा गळ स्नेल गाठीने (लाइन दांडीवरच गुंडाळून बांधायच्या गाठीने) बांधला तर त्याचा खरा फायदा मिळतो, आणि ती गाठ बहुतेक जण उलटी बांधतात. लाइन नेढ्यातून टोकाच्या बाजूने आत घालायची, दांडीवर सात-आठ वेढे घ्यायचे आणि गाठ आवळल्यावर मुख्य लाइन नेढ्यातून टोकाच्याच बाजूला बाहेर आली पाहिजे. बोटाने ओढून बघा: गोळी नेढ्यावर दाबली गेली की टोक बाहेर फेकलं जातं, बिजागरीवर दार उघडावं तसं. लाइन पाठीकडून बाहेर आली असेल तर टोक उलट आत वळतं, आणि तुमच्या हातूनच मासा सोडवला जातो. दोन मिनिटं खर्चून टेबलावर एकदा दोन्ही बाजूंनी बांधून पाहावं, फरक डोळ्यांना दिसतो.

टोक किती खोल पुरायचं

गळ बरोबर आणि तरी टोक प्लास्टिकमध्येच राहतंय, असं होत असेल तर चढवण्याची पद्धत बघा. डोक्यातून साधारण ६-७ मिलिमीटर सरळ आत, मग बाजूने बाहेर, नेढं डोक्यात लपेपर्यंत ओढून गळ अर्धा फिरवायचा. आता गळ आमिषाच्या शेजारी लोंबू द्या आणि बाक जिथे टेकतो तिथे नखाने खूण करा. तिथूनच टोक आरपार घालायचं. खुणेच्या पुढे घातलं तर आमिष ताणलं जातं, अलीकडे घातलं तर मध्ये कुबड येतं. दोन्ही वेळा आमिष पाण्यात भिंगरीसारखं फिरतं आणि लाइनीला पीळ पडतो. लाइन वारंवार गुंतत असेल तर रीलला बोल लावण्याआधी आमिष सरळ बसलंय का बघा. साच्याची जी बारीक शिवण आमिषाच्या कडेने दिसते ती रेघ धरून गळ घातला की चूक होत नाही.

टोक आरपार बाहेर काढून मग पाठीच्या कातडीत नुसतं टेकवून ठेवायचं, एखाद-दोन मिलिमीटर. मी जवळजवळ सगळीकडे असंच करतो. फक्त फारच दाट झाडोऱ्यात टोक आतच ठेवतो, आणि तेव्हाही आरपार एकदा भोक पाडून मग मागे घेतो, म्हणजे वाट आधीच तयार असते.

मासा लागतो, पण अर्ध्या वाटेत सुटतो

ही तक्रार वेगळी. इथे टोक आत शिरलंय, पण पुरतं नाही, किंवा शिरून गळच उघडला.

मला यात सगळ्यात जास्त लोक चुकताना दिसतात ते तारेच्या जाडीत. पाकिटावर लाइट वायर, हेवी वायर असं लिहिलेलं असतं आणि ते वाचलंच जात नाही. जाड तार आत घुसायला जोर लागतो, विशेषतः बार्बपर्यंतचा (टोकाजवळच्या उलट्या काट्यापर्यंतचा) भाग. ८ पौंडी (तेवढा ताण सोसणारी) लाइन आणि नरम स्पिनिंग रॉड घेऊन तुम्ही जाड तारेचा ५/० गळ बासच्या टाळूत घालू पाहाल तर बार्ब बाहेरच राहतो. टाळू वरून हाडासारखी कठीण. मासा दोन वेळा डोकं हलवतो, वर उसळी घेतो आणि गळ पडतो. तुम्हाला वाटतं लाइन ढिली सोडली. नाही, तो नीट लागलेलाच नव्हता.

याच्या उलट ५० किंवा ६५ पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन, दांडगा रॉड आणि बारीक तारेचा गळ. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, सगळा हिसका थेट गळावर. माझ्याकडे असा एक गळ अजून आहे. गवतातून मोठा मासा ओढताना एकदम सैल झाला, बाहेर काढून पाहिलं तर बाक हसल्यासारखा उघडलेला, टोक नेढ्यापासून चांगलंच लांब गेलेलं. वाइड गॅपला हा धोका जास्त, कारण पोट जितकं रुंद तितकी ओढ बाकाला उघडायला जास्त तरफ मिळवते. असा उघडलेला गळ पकडीने पुन्हा वाकवून वापरू नका. एकदा वाकलेली तार पुढच्या माशाला हमखास दगा देते.

माझा हिशोब साधा आहे. ६ ते १० पौंडी लाइन आणि स्पिनिंग रॉड असेल तर बारीक तार, आणि हिसका न देता रील भराभर फिरवत रॉड बाजूला ओढायचा. १२ ते १७ पौंडी फ्लोरोकार्बन आणि मध्यम-कडक रॉडला नेहमीची मधली तार. जड ब्रेडला जाड तार, दुसरं काही नाही. रीलचा ड्रॅगही (मासा ओढेल तेव्हा लाइन किती जोराला सुटावी ते ठरवणारा ब्रेक) याच्याशी जुळलेला हवा. बारीक तारेवर ड्रॅग घट्ट करून ठेवला तर बारीक तार निवडून उपयोग काय?

गळ लागतो कुठे, हेही बघत जा. जबड्याच्या कोपऱ्यात लागला तर मासा सहसा सुटत नाही. ओठामागच्या पातळ पडद्यात लागला तर ओढाताणीत भोक मोठं होतं आणि पहिल्याच उसळीला मासा जातो. सारखं पडद्यातच लागत असेल तर तुम्ही बहुधा फार घाईने हिसका देताय. ढील पूर्ण गोळा होऊन वजन जाणवू द्या.

पण थांबायचंही किती? सॉफ्ट प्लास्टिक मऊ असतं, त्यात मीठ असतं, म्हणून मासा ते जास्त वेळ धरून ठेवतो खरा. फार वाट पाहिली तर तो गिळतो. गळ घशात गेलेला मासा परत सोडायचा म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ, आणि ते मला खरोखर सहन होत नाही. गळ खोल गेला असेल आणि सहज निघत नसेल तर उचकटत बसू नका, लाइन गळाजवळ कापा आणि माशाला लगेच पाण्यात सोडा. असं दुसऱ्यांदा झालं तर तुमचा हिसका उशिरा पडतोय. बार्ब पकडीने चेपून टाकणं हाही चांगला उपाय आहे. गळ शिरतोही सहज आणि निघतोही. लाइन ताणलेली ठेवली तर बार्ब नसल्यामुळे मासे फारसे सुटत नाहीत.

डोकं फाटतं, आमिष खाली घसरतं

चावा नसताना, नुसत्या फेकीनेच आमिष गळावरून खाली येत असेल तर गवतात ते लगेच अडकतं आणि माशाला विचित्र दिसतं. ऑफसेटच्या वळणाला मऊ, मीठ भरलेलं स्टिकवर्म फार वेळ धरून राहत नाही. नेढ्याजवळ इन्स्टंट ग्लूचा एक थेंब पुरतो, मात्र आमिष कोरडं हवं. गोंद नको असेल तर जाड मोनो (एकपदरी नायलॉन) लाइनचा छोटा तुकडा आमिषाच्या डोक्यातून आणि लपलेल्या नेढ्यातून आडवा घालून दोन्ही बाजूंनी कापून टाका, खुंटीसारखा बसतो. स्विमबेटसाठी (पोहत्या माशासारख्या आमिषासाठी) नेढ्यापाशी स्प्रिंग असलेले आणि दांडीच्या पोटाला वजन लावलेले गळ मिळतात, ते घ्याच. साध्या गळावर स्विमबेट कुशीवर पडून पोहतो.

लपवायचं नसेल तेव्हा

मोकळ्या पाण्यात टोक उघडं ठेवायची मुभा असते आणि मग निम्मे प्रश्न उरतच नाहीत. वॅकी रिगमध्ये स्टिकवर्म मधोमध टोचायचा, गळ १ ते २/० चा, आखूड दांडीचा, बारीक तारेचा. टोचण्याऐवजी वर्मला रबरी रिंग चढवून तिच्यात गळ घातला तर एका वर्मवर कितीतरी मासे निघतात. ड्रॉप शॉटला, म्हणजे वजन लाइनीच्या टोकाला आणि गळ त्याच्या वर अशा जुळणीला, २ ते १/०, टोक वर बघेल असा बांधलेला. नेड रिग म्हणजे छोट्या वजनाच्या डोक्याला आखूड आमिष लावायची जुळणी. तिचा गळ वजनासोबतच येतो, तिथे निवड एवढीच की तार बारीक हवी.

या उघड्या गळांवर मासा सुटला तर कारण जवळजवळ नेहमी एकच, टोक बोथट.

टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं ठेवून हलकेच ओढा. नखात रुतलं, ओरखडा काढला, तर धारदार. घसरलं तर गेलं. दगडांवरून आमिष ओढत असाल तर दर तासाला हे करा, कारण एक दगड पुरतो. रासायनिक प्रक्रियेने धार केलेले आजचे गळ कानशीने पूर्वीसारखे होत नाहीत. मी दोनदा घासून बघतो आणि मग बदलतो.

ब्रेड वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. काही गळांच्या नेढ्याचं वेटोळं पूर्ण मिटलेलं नसतं, केसाएवढी फट राहते. पातळ ब्रेड त्या फटीतून सरकून निघते किंवा तिथे कातरली जाते, आणि लाइन तुटलेली न दिसता गाठीसकट गळ गायब होतो. गाठ बांधताना नेढं उजेडात धरून फट बघा आणि गाठ फटीच्या विरुद्ध बाजूला बसवा.

डब्यात काय ठेवावं

सुरुवात करणाऱ्याने चार प्रकार घेतले तरी पुष्कळ. बारीक वर्मसाठी गोल बाकाचे ऑफसेट, २/० आणि ३/०. पाच इंची स्टिकवर्म, ट्यूब आणि क्रीचरसाठी वाइड गॅप, ३/० आणि ४/०. फार जाड किंवा दहा इंची आमिष असेल तर ५/०. दाट गवतासाठी सरळ दांडीचे ४/०, जाड तारेचे. आणि वॅकीसाठी थोडे १/०. आमिषाची पाकिटं आणून एकदा घरी बसून वर सांगितलेली दाबून बघायची चाचणी घ्या, प्रत्येक पाकिटावर जुळणाऱ्या गळाचा आकडा पेनाने लिहून ठेवा. पाण्यावर गेल्यावर विचार करायला लागू नये.

डब्यात एक रिकामा कप्पा सोडा. वापरलेला ओला गळ कोऱ्या गळांमध्ये परत टाकला की दोन आठवड्यांत शेजारचे दहा गंजतात, आणि गंज सगळ्यात आधी टोकावर चढतो. ओले गळ त्या कप्प्यात, आणि घरी आल्यावर झाकण रात्रभर उघडं.